बोगद्यातला हात

हेल्मेट डोक्यात बसेना म्हणून अक्कानं चारचौघांत अंबाडा सोडला आणि वेणी घालायला घेतली, तेव्हाच माझ्या काहीतरी लक्षात यायला हवं होतं.

अक्का म्हणजे माझी आई. मावशी तिला अक्का म्हणायची, ते ऐकून आम्ही मुलंही म्हणू लागलो. गडहिंग्लजला मुलींच्या शाळेत ती मुख्याध्यापिका होती. तिचा अंबाडा लांबून दिसला की पोरी आपोआप रांगेत उभ्या राहायच्या. तो सुटलेला मी घरातसुद्धा क्वचितच पाहिलेला. आणि इथे, आंबेखोलच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी, तिकिटाच्या खिडकीसमोर, साठी उलटलेली ही बाई दातांत आकडे धरून वेणी घालत होती, आणि आकडे सांभाळत हसतही होती.

वेणी झाल्यावर तिनं शाल आणि पर्स माझ्याकडे दिली. आत कठडा धरायला दोन्ही हात लागतील म्हणाली. मी पर्स खांद्याला अडकवली, शाल दंडावर टाकली. माझी बायको गिरिजा माझ्याकडे एकदा नीट बघून म्हणाली की फोटो काढण्यासारखं आहे, पण नको.

आम्ही तिथे कसे आलो ते सांगतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यानंतर अक्काचे गुडघे फारच धरले, तेव्हा कुडाळच्या निर्मलामावशीनं तिला बोलावून घेतलं. कुडाळला गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारे एक चांगले डॉक्टर आहेत, महिनाभर राहा, म्हणाली. महिन्याचे दोन झाले, तीन झाले. फोन केला की अक्का म्हणायची, चांगला गुण येतोय, मध्येच मोडायला नको. मी मग तिच्यासाठी घराच्या माडीवर एक खोलीच बांधायला घेतली. खिडकीतून महादेवाच्या देवळाचा कळस दिसेल अशी, बाथरूम खोलीतच. माझं चष्म्याचं दुकान आहे, ते सांभाळून मी स्वतः फरशा निवडल्या. खोली तयार झाली आणि जानेवारीत मी न् गिरिजा अक्काला न्यायला गाडी घेऊन कुडाळला आलो.

निघायच्या दिवशी सकाळी अक्का म्हणाली, जाता जाता आंबेखोलचा बोगदा बघू. लोखंडाच्या दगडाची जुनी खाण आहे, साहेबाच्या काळात डोंगरात खणलेली. पुढे कंपनी बुडाली, बोगद्यात वटवाघळं राहिली. आता गावानं तो साफ करून, दिवे लावून लोकांना बघायला उघडलाय. मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? तर म्हणाली, त्यांचीच तर परीक्षा घ्यायचीय. मावशीला चल म्हटलं, तर ती तोंडाला पदर लावून एकदम स्वयंपाकघरात गेली. गिरिजानं माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही.

तिकिटाच्या खिडकीशी मी पाकीट काढतोय तोच मागून आवाज आला, “नमस्कार, शहापुरेबाई.” आवाज साधाच, पण खिडकीवरच्या पत्र्यावर बसलेले दोन कावळे उडाले. मागे वळून बघतो तर एक उंच, काटकुळे गृहस्थ. पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि ऐन जानेवारीत काखेत छत्री. अक्कानं ओळख करून दिली. हे भालचंद्र तेंडोलकर. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. डॉक्टरांकडे व्यायामाला यांची खाट माझ्या खाटेशेजारी असते. यांचा डावा गुडघा, माझा उजवा.

तेंडोलकर म्हणाले की ते सहजच इकडे आले होते. मात्र सहज आलेल्या या माणसानं आम्हा तिघांची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. मी ती घेतली आणि, का ते सांगता येणार नाही, तो माणूस मला तिथल्या तिथे नावडला.

ते आवडावेत असं त्यांनीही काही केलं नाही. जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. कुठल्या घाटानं आलात, विचारलं. आंबोलीनं, म्हटलं, तर दुसऱ्या घाटाचं वर्णन केलं. दुकान कुठे आहे, विचारलं. मेनरोडवर, म्हटलं, तर चष्म्याचं दुकान नेहमी स्टँडजवळ असावं, कारण बसची पाटी वाचता आली नाही की माणसाला चष्म्याची आठवण होते, असं म्हणाले. हे मला पटलं, म्हणून जास्त राग आला. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, “हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही.” आसपासच्या सगळ्यांनी वळून माझ्या डोक्याकडे बघितलं.

आसपासचे म्हणजे नेसरीकडून टेंपो करून आलेल्या बचत गटाच्या बायका. त्यांची पुढारी हौसाबाई म्हणून एक धिप्पाड बाई होती. तिनं हेल्मेट पदरावरूनच घातलं होतं.

बोगदा दाखवायला बाबल नाईक म्हणून गावातलाच एक मध्यमवयीन माणूस होता. एरवी तो आणि त्याची बायको बाहेर चहाची टपरी चालवत. त्यानं आमचे मोबाइल एका टोपलीत ठेवून घेतले, कारण आत कुणाचा ना कुणाचा मोबाइल पाण्यात पडतो आणि मग भांडण होतं. मग त्यानं घसा खाकरला आणि पाठ केलेल्या पुस्तकी मराठीत सुरुवात केली, “सन्माननीय पर्यटकहो, आपण आता डोंगराच्या उदरात प्रवेश करीत आहोत.”

डोंगराचं उदर तांबडं होतं. भिंती तांबड्या, पायाखालचा चिखल तांबडा, छतातून ठिबकणारं पाणीसुद्धा हातावर पडलं की तांबडा ओघळ उमटायचा. उंची एवढीच की मला मान वाकवावी लागत होती. तेंडोलकर तर नमस्कार घालायला निघाल्यासारखे चालले होते. जमिनीवर ट्रॉलीच्या रुळांचे गंजके तुकडे शिल्लक होते. नाईक सांगत होता की हा सगळा बोगदा माणसांनी पहारीनं आणि घणानं फोडलाय, बायका डोक्यावरून पाट्या वाहायच्या, भिंतीतल्या कोनाड्यांत तेलाचे दिवे असायचे. हौसाबाईनं कोनाड्यात हात घालून बघितला आणि म्हणाली, देव ठेवायला बरी जागा आहे. अक्का एका हातानं कठडा धरून, वाकून, सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तेंडोलकर तिच्या मागे होते आणि नाईकच्या प्रत्येक वाक्याला पुरवणी जोडत होते.

बोगद्याच्या शेवटी थोडी रुंद जागा होती. तिथे नाईकनं आम्हाला गोल उभं केलं.

“आता,” तो म्हणाला, “त्या काळी दिवा विझला की कामगारांना कसला काळोख सोसावा लागे, त्याची आपणही क्षणभर प्रचिती घेऊया. कोणीही जागचे हलू नये.” आणि त्यानं भिंतीवरची कळ दाबली.

तसा काळोख मी आधी कधी बघितला नव्हता. रात्रीच्या काळोखात निदान खिडकी कुठे आहे ते कळतं. इथे डोळे उघडे काय न् मिटलेले काय, सारखंच. कुणीतरी “शिव शिव” म्हणालं, मग सगळे गप्प झाले. नुसतं पाणी ठिबकत होतं.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. बंद जागेत माझा जीव जातो. कोल्हापूरला मालाच्या खरेदीसाठी गेलो की मी लिफ्टनं जात नाही, व्यायाम म्हणून जिने चढतो, असं गिरिजाला वाटायचं. त्या क्षणी माझ्या छातीत ठोके पडायला लागले, तळव्यांना घाम सुटला, आणि आपण इथेच मरणार, तेही खांद्याला बायकी पर्स अडकवून, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात कुणाचा तरी हात चाचपडत माझ्या दंडावरच्या शालीवर आला, शालीवरून खाली उतरला आणि त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, गिरिजा. मनातल्या मनात मी तिचे उपकार मानले आणि तो हात घट्ट पकडला. हात जरा मोठा आणि राठ वाटला. पण बुडणारा माणूस फळी कसल्या लाकडाची आहे ते बघत नाही.

कळ वाजली. खट्. दिवा लागला नाही. परत खट्, खट्. मग नाईकचं पुस्तकी मराठी संपलं.

“लाइट गेली वाटता,” तो म्हणाला. “घाबरू नकात. मी बघून येतंय. खंय हलू नकात.” आणि भिंत चाचपत, रुळांना ठेचा खात तो बाहेरच्या दिशेनं गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली.

माझा हात आता चांगलाच थरथरत होता. धरणाऱ्या त्या हातानं तो हलकेच दाबला. आणि माझ्या कानाशी तेंडोलकर कुजबुजले.

कुजबुजले असं मी म्हणतो, कारण त्यांचा इरादा तसा होता. प्रत्यक्षात तो आवाज समोरच्या भिंतीपर्यंत गेला, तिथून परत आला आणि पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकू आला.

“बाई, घाबरू नका. मी आहे ना. किती थरथरताय. अहो, मुलाला एवढं काय भ्यायचं? बाहेर गेलो की आज त्याला सांगूनच टाकू. लग्न करतोय आपण, चोरी करत नाही. जरा घुम्या वाटतो, हेल्मेट उलटं घालतो, पण मनानं वाईट नसावा.”

काळोखात एक बाई “आगं बया” म्हणाली. दुसरीनं तिला गप्प केलं.

मी दगडासारखा उभा होतो. हात सोडवून घ्यावा तर काळोखात एकटा पडणार, आणि धरून ठेवावा तर हा काय प्रकार आहे.

“काहीतरी बोला, बाई,” तेंडोलकर म्हणाले.

मी काय बोलणार? क्षण गेला, दोन क्षण गेले. शेवटी हौसाबाईला राहवेना. “बोला की वो बाई,” ती म्हणाली. “मानूस एवढं इचारतोय.”

मग माझ्यापासून चार हातांवरून, भलत्याच बाजूनं, अक्काचा आवाज आला. “तेंडोलकर, मी इकडे आहे.”

पाणी ठिबकत राहिलं.

“मगे ह्यो हात कोणाचो?” तेंडोलकर म्हणाले. इतका वेळ ते शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं शुद्ध बोलत होते. ते सगळं गळून पडलं.

“माझा,” मी म्हणालो.

कुणीतरी पदरात तोंड खुपसून हसायला लागलं. ते हसणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. गिरिजा माझ्या पाठीमागे होती.

मी काळोखालाच विचारलं, “अक्का, हे काय चाललंय?”

“शेखर, आवाज खाली. लोक आहेत.”

“आमचं काय न्हाई,” हौसाबाई घाईघाईनं म्हणाली. “तुमी बोला. आमी ऐकत न्हाई.”

मी विचारलं की हे लग्नाचं काय. अक्का म्हणाली, विषय निघालाय खरा. मी विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे. अक्का म्हणाली, निर्मलाला. आणखी कुणाला, म्हटलं, तर मागून गिरिजा खोकली. हौसाबाई म्हणाली, आणि आता आमाला.

“म्हणजे मला सोडून सगळ्यांना,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला, आणि बोगद्यानं तो तसाच परत आणून दिला.

अक्का बोलली तेव्हा मुख्याध्यापिकेचा आवाज नव्हता.

“तुझं तोंड अगदी तुझ्या वडिलांसारखं आहे, शेखर. त्या तोंडाकडे बघून सांगायला मला जमेना. फोनवर बोलतानाही मला तेच दिसायचं. आता दिसत नाहीये तर बोलता येतंय.”

मग जे मनात आलं ते बोललो, की मी तुझ्यासाठी माडीवर खोली बांधलीय. खिडकीतून कळस दिसतो. फरशा मी निवडल्यात.

“गुडघं दुखत्यात म्हनं, आनि खोली माडीवर?” हौसाबाई म्हणाली.

खरं सांगतो, इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खाली दुकान आहे, असं मी त्या अनोळखी बायकांना काळोखात समजावून सांगू लागलो. अक्कानं मध्येच थांबवलं. खोली चांगलीच असणार, ती म्हणाली. पण रोज सकाळी खिडकीत बसून कळस बघितल्यावर पुढे दिवसभर मी काय करायचं, ते तू सांग.

मग माणूस करतो तेच मी केलं. आईशी हरलो म्हणून बाहेरच्यावर घसरलो. तेंडोलकरांना म्हटलं, आमच्या लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तुम्ही तर मासे खात असाल.

“खातो,” ते म्हणाले. “बुधवार, शुक्रवार, रविवार.”

“मग कसं करणार?”

“खाणावळीत खाईन. हात धुऊन, सुपारी खाऊन घरी येईन. तेवढ्यासाठी काय माणूस सोडायचा?”

बायकांमध्ये पसंतीची कुजबुज झाली. त्यांची कुजबुज मात्र खरीखुरी होती. मी पुढचा मुद्दा शोधत होतो, इतक्यात लख्ख दिवे लागले.

आम्ही सगळे डोळे चोळत एकमेकांकडे बघायला लागलो. मध्यभागी मी न् तेंडोलकर, एकमेकांचा हात घट्ट धरून. माझ्या दंडावर शाल, खांद्याला पर्स. भोवती गोल करून बचत गट. फक्त हार तेवढे नव्हते.

मी हात सोडला. दोघांचेही तळवे कठड्यावरच्या गेरूनं तांबडे झाले होते.

परत येताना नाईकनं ट्रॉलीबद्दल राहिलेली माहिती सांगायचा प्रयत्न केला, पण कुणाचंच लक्ष नाही बघून सोडून दिलं. बाहेर ऊन होतं. मी दोन-तीन मोठे श्वास घेतले. टपरीच्या बाकावर आम्ही चौघं बसलो, नाईकच्या बायकोनं चहा आणला. पलीकडे टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, पण एकही बाई टेंपोत चढेना. कुणी चपलेतला खडा काढत होती, कुणी झाडाची पानं बघत होती, आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे.

निम्मा चहा पोटात गेल्यावर मला उदारपणा सुचला. आपण घरातले कर्ते आहोत, तेव्हा आता आपणच काय ते बोललं पाहिजे. मी कप खाली ठेवला आणि अक्काला म्हणालो, “हे बघ. माझी हरकत नाही.”

“कशाला?” अक्कानं विचारलं.

“या लग्नाला.”

“कुठल्या लग्नाला? मला अजून कुणी विचारलेलंच नाही.”

तेंडोलकरांचा कप ओठांशीच राहिला. ते म्हणाले की बाई, आपलं तर ठरलं होतं, मुलाला भेटायचं म्हणून. अक्का म्हणाली, भेटायचं ठरलं होतं. भेटलात. चांगला हात धरून भेटलात. तो घुम्या आहे का, वाईट आहे का, हेही तुम्हीच ठरवलंत. आता तो म्हणतोय, माझी हरकत नाही. तुमचं दोघांचं उत्तम जमलंय. माझा काय संबंध?

गिरिजा पुन्हा हसायच्या बेतात होती. पण अक्काचा चेहरा बघून थांबली.

“मी स्पष्टच सांगते,” अक्का तेंडोलकरांना म्हणाली. “तुम्ही माणूस चांगले आहात. तुमच्याबरोबर दिवस कसा जातो ते कळत नाही. पण तुम्ही फार बोलता. माझा सगळा जन्म पोरींच्या गलक्यात गेला. आता घरात मला थोडी शांतता हवी. इथे दिवे घालवतात हे निर्मलानं सांगितलं होतं. म्हटलं, बघू, एवढा वेळ तरी या माणसाला गप्प उभं राहता येतं का.”

म्हणजे परीक्षा गुडघ्यांची नव्हती. आणि ज्याची होती तो भर बोगद्यात, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा, नापास झाला होता.

तेंडोलकरांनी कप बाकावर ठेवला. मला वाटलं, आता हे बाजू मांडतील, निदान मुद्देसूद तरी बोलतील. पण ते काहीच बोलले नाहीत. छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या तांबड्या वाटेकडे बघत राहिले. एवढा उंच माणूस, पण बाकावर अगदी लहान दिसायला लागला.

आता मी गप्प बसलो असतो तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. सामान गाडीत होतं, संध्याकाळपर्यंत आम्ही गडहिंग्लजला पोचलो असतो. पण मला बसवेना.

“अक्का, ते उगीच नाही बोलले,” मी म्हणालो. “मी थरथरत होतो.”

“तू?”

“मला बंद जागेत भीती वाटते. लहानपणापासून. त्यांना वाटलं, तू थरथरतेयस. धीर द्यायला बोलले ते. आणि दुसरं.” इथे मला थांबावं लागलं, कारण खडे काढणाऱ्या बायका सरकत सरकत बाकाच्या अगदी मागे आल्या होत्या. “हात माझा आहे हे कळल्यावरसुद्धा त्यांनी सोडला नाही. मी त्यांच्याशी भांडत होतो, वाट्टेल ते बोलत होतो, तरी सोडला नाही. दिवे आल्यावर सोडला तो मी.”

गिरिजा माझ्याकडे बघत होती. “म्हणून ते जिने,” ती हळूच म्हणाली.

अक्कानं तेंडोलकरांकडे वळून विचारलं, “खरं का हे?”

ते अवघडले. माझी अब्रू जाईल अशा भीतीनं त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“पोरगो थरथरत होतो, बाई,” ते म्हणाले. “सोडतलंय कसो?”

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाठीवरची वेणी पुढे घेतली, तिला लागलेला चिखल झटकला आणि ती परत मागे टाकली. शाळेत एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर निघालं, पण ते तिनं भलत्याच रीतीनं काढलं असलं, की ती अशीच थोडा वेळ घ्यायची.

“मग आता विचारा,” ती म्हणाली. “शेखरला नाही. मला.”

तेंडोलकर उभे राहिले. छत्री बाकाला टेकवली. शर्टाचं वरचं बटण लावलं. घसा खाकरला. बचत गटानं श्वास रोखून धरला, नाईकच्या बायकोनं स्टोव्ह बंद केला. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली, पण एक शब्द बाहेर आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसतेच ओठ हलले.

अक्कानं त्यांना तिसऱ्यांदा विचारायला लावलं नाही. ती मान वर करून, आमच्यापुरतं ऐकू जाईल एवढ्याच आवाजात “हो” म्हणाली.

तेंडोलकर मटकन बाकावर बसले. अक्का चहाच्या रिकाम्या कपात बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. गिरिजा डोळे पुसत होती. तिकडे टेंपोवाला वैतागून गाडी सुरू करून बसला होता. बायका नाइलाजानं धावत जाऊन चढल्या, आणि टेंपो हलला तशी हौसाबाई मागच्या फळीवर उभी राहून ओरडली, “अवो, काय म्हनल्या बाई? आमाला ऐकूच आलं न्हाई.”

तेंडोलकरांचा आवाज अजून परतला नव्हता. अक्का ओरडणं शक्य नव्हतं. गिरिजानं माझ्याकडे बघितलं.

मी बाकावर चढून उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांतानं ओरडलो, “हो म्हणाली!”

टेंपो थांबला. बायकांनी वाटेत खायला आणलेल्या चुरमुऱ्यांची पिशवी फोडली आणि ओंजळी भरभरून आमच्या दिशेनं उधळल्या. वारा आमच्याकडेच होता. पण अक्का न् तेंडोलकर खाली बाकावर बसले होते आणि मी वर उभा होतो, त्यामुळे त्या लग्नाच्या पहिल्या अक्षता सगळ्याच्या सगळ्या माझ्या अंगावर पडल्या.